काचपट्टीवरची तारीख

भिंतीला तडा गेला की गवंडी त्यावर आडवी एक काचपट्टी बसवतो. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे, आणि काचेवर लाल रंगाने त्या दिवसाची तारीख. एवढंच. भिंत जागेवर असेल तर पट्टी वर्षानुवर्षं धूळ खात तशीच राहते. भिंत केसभर जरी सरकली तरी पट्टीचे दोन तुकडे होतात, कारण काचेला ताणून घेणं जमत नाही. माणसं खोटं बोलतात, भिंतींनाही गिलावा करून गप्प बसवता येतं. काचेचं तसं नाही.

सोमवारी सकाळी चर्चच्या पश्चिमेकडच्या भिंतीवरची वरची पट्टी ओळंब्याला फुटलेली दिसली. खालची पट्टी शाबूत होती. पण गवंड्याला एक पुरे असते. शनिवारी याच भिंतीला लागून असलेल्या बाकांवर नवरीकडची माणसं बसणार होती, आणि नवरी त्याची पुतणी होती.

ओळंबा हे काही त्याचं नाव नव्हे. भिंत सरळ आहे का हे पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा. हा माणूस उंच, किडकिडीत, चालताना न डुलणारा आणि बोलताना न वळणारा, म्हणून ऐन विशीत कामावरच्या गड्यांनी त्याला हे नाव चिकटवलं. ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा ओळंब्याचंच घर विचारत येतो. समोर मात्र सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. या सरळ माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट वाकडी होती. ती त्याला ठाऊक होती आणि एका मुकादमाला. मुकादम मरून गेला होता, तेव्हा आता ती आपल्याला आणि देवालाच ठाऊक आहे, असं ओळंबा धरून चालला होता.

ती गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. ओळंबा आणि त्याचा धाकटा भाऊ एका गोदामाच्या कामावर होते. जुन्या भिंतीला खेटून नव्या पायाचा खड्डा खणला होता आणि भिंतीला तडा गेला होता. ओळंब्याने पट्टी बसवली, तारीख घातली. महिनाभराने ती फुटली. त्याने मुकादमाला बोलावून दाखवली. मुकादमाने कान खाजवला.

"मिस्त्री, पट्टीच तर आहे. नवी लाव आणि तारीख जुनी घाल. पंधरा दिवसांत खड्डा बुजतोय. आत्ता काम थांबवलं तर सगळेच घरी बसू."

ओळंब्याने लावली. तारीख हुबेहूब काढली. नवं प्लास्टर पांढरंफेक दिसतं, म्हणून त्याला चहाचं पाणी पुसून जुना रंगही दिला. ही युक्ती गवंड्यालाच सुचावी. फुटके तुकडे त्याने राडारोड्याच्या घमेल्यात टाकले. अकराव्या दिवशी दुपारी भिंत कोसळली.

त्या भिंतीपाशी रोज दहा-बारा माणसं असायची. त्या दिवशी एकटा धाकटा होता, तो तिच्याखाली गेला. लोक म्हणाले, बाकीच्यांचं नशीब थोर. त्याच्या अंगाखाली एक लाकडी वासा सापडला. तो तिथे कशाला आणला होता ते कुणाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या गोंधळात कुणी विचारलंही नाही.

धाकट्याची बायको तेव्हा बाविशीची होती आणि मुलगी दोन वर्षांची. दोन्ही भाऊ एकाच घरात राहायचे, मधे एक भिंत. ओळंब्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्याने भावजयीला आणि पुतणीला अंतर दिलं नाही. शाळा, दुखणीखुपणी, पायातल्या चपला, सगळं पाहिलं. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे. कुणी तसं म्हटलं की त्या दिवशी तो ताटावरून तसाच उठायचा. बायकोला वाटायचं, भावाची आठवण आली. तेही खोटं नव्हतं.

सहा वर्षांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे. ओळंब्याने मान डोलावली, पण मनात म्हणाला, नस कसली. याच हाताने तारीख काढली होती. परांचीवर चढणं बंद झालं आणि किरकोळ डागडुजीची कामं उरली. मग बायकोच्या छातीत दुखणं शिरलं. दोन वर्षं ती अंथरुणाला होती. तिच्या प्रत्येक खोकल्याला ओळंबा दचकायचा. आधी हात, मग बायको, पुढची पाळी पोरीची, हा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. चर्चला तो बायकोला सोडायला जायचा आणि बाहेर झाडाखाली विडी ओढत थांबायचा. देव आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं.

बायको भाविक होती, आणि भाविक असूनही तिखट होती. शेवटच्या महिन्यात एका दुपारी ती म्हणाली, "अहो, तुम्ही देवाला मुकादम समजता."

"म्हणजे?"

"शिट्टी तोंडात धरून उभा. कुणाचं कुठं चुकतंय आणि कुणाला कधी काढतो, एवढंच बघणारा."

"मग कसा आहे तो?"

"मला विचारू नका. माझी जागा रिकामी राहणार आहे. मागून तिसरं बाक, खिडकीकडची. तिथं बसा आणि स्वतः बघा."

तेव्हा सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. तिला खोकल्याची उबळ आली, त्याने तिची पाठ धरली, आणि आलेलं परत आत गेलं. चार दिवसांनी ती गेली. तिला सांगितलं नाही, ही सल मग त्या पहिल्या सलीशेजारीच जाऊन बसली.

तो तिच्या जागेवर बसू लागला. तिने सांगितलं होतं म्हणून, दुसरं काही नाही. पहिले कितीतरी रविवार त्याने छताचे वासे मोजण्यात घालवले. मग एका रविवारी पाळकांनी मरणातून उठलेल्या प्रभूची गोष्ट काढली. घाबरून दार लावून बसलेल्या मित्रांमध्ये तो येऊन उभा राहिला आणि ज्याचा विश्वास बसेना त्याच्यापुढे त्याने हात धरले. हातांवर वधस्तंभाच्या खिळ्यांची भोकं तशीच होती.

वासे मोजता मोजता ओळंबा थांबला. ज्याने मेलेलं अंग उठवलं त्याला दोन भोकं बुजवायला काय जड होतं? कुठल्याही गवंड्याने आधी तेच केलं असतं. भोक बुजवायचं, वर गिलावा, त्यावर चुना, आणि मग माणसांना दाखवायचं. यानं बुजवलं नव्हतं. उलट हात पुढे करून बोट घाल म्हणत होता. मुकादम असं करत नाही.

त्या दिवशी घरी येऊन तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. भावाच्या मरणानंतर पहिल्यांदा. मग त्याने देवाला सगळं सांगितलं, पट्टी, तारीख, चहाचं पाणीसुद्धा. छत कोसळलं नाही. खूप वर्षांनी त्याला नीट भूक लागली. आपल्यासारख्याचीही काही आशा असू शकते हे त्याला त्या दुपारी पटलं, आणि पटलं तेव्हाच पलीकडचा आवाज कानावर आला. देवाला सांगून झालं होतं. भिंतीपलीकडे भावजय भांडी घासत होती, तिला सांगायचं राहिलं होतं.

ते राहिलंच. पाळक दर वर्षी विचारायचे, "मिस्त्री, बाप्तिस्मा कधी घ्यायचा?" ओळंबा म्हणायचा, "घेऊ की. अजून थोडं काम बाकी आहे." पाळकांना वाटायचं, माणूस विनयशील आहे. चर्चच्या मंडळींनी भिंतीच्या तड्यावर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे दिलं. त्याने दोन पट्ट्या बसवल्या, एक वर, एक खाली. पाच वर्षं तो दर सोमवारी जाऊन त्या पाहायचा. पट्ट्या धड पाहिल्या की तो आठवडाभरापुरता जगायचा.

तर तो सोमवार. ओळंबा घरी आला. खिडकीच्या जुन्या तावदानाची काच काढली, कापली, लाल रंगात ब्रश बुडवला. पट्टी तयार झाली तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या हाताने पाच वर्षांपूर्वीची तारीख काढली होती. आपण हे मुद्दाम केलं की हाताने आपोआप, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. भिंतीपलीकडे पुतणी आईला कुठलासा झगा घालून दाखवत होती आणि दोघी हसत होत्या.

पट्टी बदलली तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. शनिवार निघून जाईल. भिंत आणखी महिना उभी राहील, कदाचित वर्षभर. किंवा नाही राहणार. रंग वाळल्यावर त्याने पट्टी फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी चर्चमागच्या शाळेच्या खोलीत समितीची बैठक होती. पाळक होते, समितीचे अध्यक्ष हेडमास्तर होते, तीन-चार वडीलधारी माणसं होती. शनिवारची बाकं आणि फुलं ठरवायला भावजय आणि पुतणीही आल्या होत्या. ओळंब्याने वरची पट्टी फुटल्याचं सांगितलं आणि चर्च बंद करा म्हणाला.

हेडमास्तर निवृत्त झाले होते, पण त्यांच्या आवाजाला कुणी ते कळवलं नव्हतं. "खालची शाबूत आहे ना? मग? रविवारी पोरं आत चेंडू खेळत होती. गेल्या वर्षी इंजिनियर बघून गेले, म्हणाले काळजी नको. चार दिवसांवर लग्न आलं. मिस्त्री, पट्टीच तर आहे. नवी लावून टाका."

अठरा वर्षांनी तेच शब्द.

"चेंडूने नाही फुटली," तो म्हणाला. "चेंडूने काचेचा चुरा होतो. ही मधोमध सरळ तुटली आहे."

"एवढी खात्री कशी तुम्हाला?"

"अनुभव आहे."

दोघे-तिघे हसले. म्हाताऱ्या माणसाचा अनुभव म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, ती सगळी स्वतः म्हातारी होती. पाळक मधे पडून म्हणाले, "आपण शनिवारनंतर बघू या का?" पुतणीने सुटकेचा श्वास टाकलेला ओळंब्याला ऐकू आला. आता नुसतं गप्प राहायचं होतं. त्याचा दोषही नसता. सांगून झालं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं.

आज नको, प्रभू, असं तो मनात म्हणाला. मग खिशातली पट्टी काढून त्याने फडकं टेबलावर उलगडलं.

"ही मी काल केली. तारीख बघा. पाच वर्षांपूर्वीची आहे. आत्ता जाऊन लावली तर तुमच्यापैकी कुणालाही कळणार नाही. मी हे एकदा केलंय. गोदामाच्या भिंतीवर. पट्टी फुटली होती आणि मी नवी लावली, तारीख जुनी घातली. अकरा दिवसांनी ती भिंत माझ्या भावावर पडली."

हेडमास्तरांनी पट्टी उचलली, तारीख वाचली आणि ती हळूच खाली ठेवली. ओळंबा भावजयीकडे पाहत होता. तिचा चेहरा हलला नाही. तिने मुलीचा हात धरला, उठली, आणि दोघी दारातून निघून गेल्या.

चर्चला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. भावजय घरी आली, पेटी भरली, आणि पोरीला घेऊन बहिणीकडे गेली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार पलीकडच्या खोलीतून भांड्याचा आवाज आला नाही. ओळंबा चूल पेटवायचा आणि काही न शिजवता विझवायचा. ज्याची अठरा वर्षं भीती होती ते झालं होतं. प्रार्थनेला बसला की त्याला शब्द सापडत नसत. नुसते हात पुढे करून बसायचा, बधिर बोटं वर करून. भिंत मात्र उभी होती. शुक्रवारी एकजण त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "उगाच घर मोडून घेतलं म्हाताऱ्याने. भिंतीला काय झालंय?"

शनिवारी लग्न चर्चच्या पूर्वेकडच्या अंगणात होतं, भिंतीपासून लांब, कापडी मांडवाखाली. ओळंबा जाणार नव्हता. तरी कपडे घातले, दाढी केली आणि फाटकापर्यंत गेला. तिथे थांबला. आत पेटी वाजत होती. मग पेटी थांबली, आणि भावजय मांडवातून निघून सरळ त्याच्याकडे चालत आली.

"भाऊजी, हात पुढे करा."

त्याने केला. तिने रुमालाची गाठ सोडून त्यावर काचेचे दोन तुकडे ठेवले. लाल रंग फिका पडला होता, पण तारीख वाचता येत होती. अक्षर त्याचं होतं. गोदामाच्या भिंतीवरची खरी पट्टी, जी त्याने घमेल्यात टाकली होती.

"त्यांच्या खिशात मिळालं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यातून कपडे दिले ना, त्यात. घड्याळ, पेन्सिल आणि हे. मला वाटलं, कसली तरी काच आहे, कामाची असेल. त्यांची वस्तू म्हणून ठेवली. हे काय आहे ते मला मंगळवारी कळलं."

ओळंब्याने तुकडे एकमेकांना जोडून पाहिले.

"त्या दिवशी सकाळी मला म्हणाले होते, संध्याकाळी दादाशी बोलायचंय. दादा स्वतःहून सांगेल, त्याला आजचा दिवस देतो. मला वाटलं, वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणताहेत. मला तर बरंच वाटलं होतं तेव्हा." ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. "सगळ्या गड्यांना त्यांनीच सकाळी पलीकडच्या बाजूला पाठवलं होतं. हेही मला लोकांनी तेव्हा सांगितलं होतं. का पाठवलं, ते मंगळवारपर्यंत कळलं नव्हतं."

"आणि वासा," ओळंबा म्हणाला.

"हो. टेकू लावत होते. एकटेच."

त्याने फाटकाचा खांब धरला. पट्टी खोटी आहे हे धाकट्याला ठाऊक होतं. कुणी खोटी केली हेही ठाऊक होतं. मुकादमाला सांगितलं असतं, गड्यांसमोर बोलला असता, तर दादाचं तोंड काळं झालं असतं. म्हणून त्याने माणसं बाजूला केली, दादाला संध्याकाळपर्यंत वेळ दिला, आणि तेवढा वेळ भिंत उभी राहावी म्हणून स्वतः तिच्याखाली जाऊन उभा राहिला. बायको ज्याच्याबद्दल बोलत होती, पाळक ज्याच्याबद्दल बोलत होते, तो कसा आहे ते ओळंब्याच्या घरातच अठरा वर्षं रुमालात बांधून ठेवलं होतं.

"मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका," भावजय म्हणाली. "ते मला अजून जमलेलं नाही. रोज मागते आहे देवाकडे, थोडं थोडं. पण पोर आत थांबून राहिली आहे. काकांचा हात धरल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणते. मी नको म्हटलं होतं, ऐकत नाही. चला."

तो गेला. पुतणीने त्याचा उजवा हात धरला, तोच बधिर हात, आणि तो तिला बाकांमधून पुढे घेऊन गेला. लोक वळून पाहत होते. त्याने मान खाली घातली नाही. दुसऱ्या हाताच्या मुठीत काचेचे तुकडे रुतत होते, ते त्याने रुतू दिले.

शपथा झाल्या, प्रार्थना झाली. माणसं नवरा-नवरीभोवती जमली तेव्हा ओळंबा मांडवातून बाजूला झाला आणि चर्चच्या दाराशेजारच्या खिडकीशी गेला. या खिडकीतून समोरची पश्चिमेची भिंत दिसायची. आदल्या संध्याकाळी येऊन त्याने इथूनच खालची पट्टी शाबूत पाहिली होती.

आता तिचे दोन तुकडे झाले होते. एक प्लास्टरला धरून होता, एक खाली पडला होता. तडा त्या भिंतीतल्या खिडकीपर्यंत आला होता आणि त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. भिंतीवरून भुकटी गळत होती, थांबत होती, पुन्हा गळत होती. नवरीकडच्या बाकांवर तिचा पांढरा थर बसला होता.

मागून पुतणीने हाक मारली, "काका, या ना, फोटो काढायचाय."

"सगळे बाहेर आहेत ना?" त्याने विचारलं.

"सगळे म्हणजे?"

"सगळे. आत कुणी गेलं नाही ना?"

"नाही. कुलूप तुम्हीच लावायला लावलंत की."

त्याने एकदा कुलूप ओढून पाहिलं आणि मग तो तिच्याकडे गेला.